शिकाऊ किटमधले पुश बटण: आईच्या जपाच्या मोजणीवर घेतलेली परीक्षा

दीड महिन्यापूर्वी पुण्याच्या तापकीर गल्लीतील एका दुकानातून मी इलेक्ट्रॉनिक्सचे एक शिकाऊ किट ११५० रुपयांना विकत घेतले. कप्प्याकप्प्यांच्या प्लॅस्टिकच्या डब्यात आर्डुइनो उनो या प्रोग्रॅम घालता येणाऱ्या छोट्या बोर्डाच्या आराखड्यावर बनवलेला एक बोर्ड, सोल्डर न करता तारा खोचून जोडणी करायचा ८३० छिद्रांचा ब्रेडबोर्ड, १६ बाय २ चा एलसीडी पडदा, जंपर तारांची जुडी, मूठभर एलईडी, कागदी पट्टीला चिकटवलेले रेझिस्टर, पाच लहान पुश बटणे आणि आठ पानांचे माहितीपत्रक असा सगळा ऐवज होता. या परीक्षणात मी मुख्यतः त्या पाच बटणांविषयी आणि ती बोर्डाला कशी जोडावीत हे सांगणाऱ्या माहितीपत्रकाच्या दोन पानांविषयी लिहिणार आहे, कारण किटमधल्या सर्वांत स्वस्त वस्तूनेच माझा सर्वांत जास्त वेळ खाल्ला.

किट घेण्याचे कारण घरगुती होते. आई रोज पहाटे अकरा माळा जप करते. गेल्या पावसाळ्यापासून तिच्या बोटांची पेरे सुजतात आणि मणी ओढताना कधी एकाऐवजी दोन सरकतात, मग तिचे मन नामाऐवजी मण्यांकडे लागते. बोटात घालायची तयार मोजणीयंत्रे बाजारात मिळतात, पण त्यांचे बटण इतके बारीक असते की ते दाबायला नखच लागावे. हाताच्या तळव्यात मावेल असे मोठे बटण, ते दाबले की पडद्यावरचा आकडा एकाने वाढावा आणि १०८ झाले की माळ पूर्ण झाल्याची खूण दिसावी, एवढेच यंत्र मला करायचे होते. एक बटण, एक बोर्ड आणि एक पडदा यांचे काम रविवारच्या एका दुपारी संपेल असा माझा अंदाज होता आणि तो सपशेल चुकला.

आधी बोर्डाविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्याबद्दल तक्रार नाही. आर्डुइनो हा प्रकल्प २००५ साली इटलीतील इव्रेया या गावी सुरू झाला, आणि त्याच्या बोर्डांचे आराखडे खुले असल्यामुळे त्याबरहुकूम बनवलेले अनेक स्वस्त बोर्ड आज बाजारात आहेत. या किटमधला बोर्ड त्यांपैकीच एक आहे. त्यावर ॲटमेगा ३२८पी हाच मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारी चिप, आहे, १६ मेगाहर्ट्झचा वेग आहे, आणि संगणकाशी बोलण्यासाठी सीएच ३४० ही स्वस्त बोर्डांवर नेहमी दिसणारी चिप आहे. माझ्या जुन्या लॅपटॉपवर त्या चिपचा ड्रायव्हर वेगळा घालावा लागला. ते सोडले तर बोर्डाने पहिल्या दिवसापासून मुकाट्याने काम केले आहे.

आता बटणांकडे वळतो. ही बटणे ६ बाय ६ मिलिमीटरची, चार पायांची, मधोमध काळा गोल दांडा असलेली, म्हणजे रेडिओपासून वॉशिंग मशीनपर्यंत सर्वत्र आढळणारे टॅक्टाइल स्विच आहेत. आत धातूची एक पातळ घुमटाकार पत्री असते; दांडा दाबला की ती खाली वाकते, दोन संपर्क जोडते आणि तिचाच तो ओळखीचा ‘टक’ आवाज येतो. अशा स्विचची क्षमता साधारणपणे १२ व्होल्ट आणि ५० मिलिॲम्पियर इतकी असते. बोर्डाच्या पिनला, म्हणजे तार लावायच्या जागेला, खबर देण्यासाठी अर्धा मिलिॲम्पियरही पुरतो, त्यामुळे त्या बाबतीत काळजीचे काही नाही.

काळजी पायांची आहे. हे पाय छापील सर्किट बोर्डाच्या छिद्रांत घट्ट अडकावेत म्हणून मुद्दाम मध्ये वाकवलेले असतात, आणि ब्रेडबोर्डच्या छिद्रांना तो वाक मानवत नाही. बटण वरून दाबून बसवले की ते बसल्यासारखे वाटते आणि हात काढताच एका कोपऱ्यातून हळूच वर येते. मी बारीक पक्कडीने चारही पाय सरळ करून घेतले, तेव्हा कुठे पाचांपैकी तीन बटणे जागेवर राहिली. चौथ्याचा एक पाय सरळ करतानाच तुटला. पाचवे नीट बसले, पण मल्टीमीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे जोडणी झाली की बीप वाजवणाऱ्या खुणेवर, ठेवून ते वीस वेळा दाबले तेव्हा बीप चौदाच वेळा वाजली. पाचांत तीन, असा या किटच्या बटणांचा निकाल आहे. नवशिक्याकडे मल्टीमीटर असेलच असे नाही. तो त्या पाचव्या बटणावर तासन्‌तास आपला प्रोग्रॅम तपासत बसेल आणि शेवटी दोष स्वतःलाच देईल, हे मला या बाबतीत सर्वांत वाईट वाटले.

माहितीपत्रकाच्या तिसऱ्या पानावर बटण जोडण्याची आकृती आहे आणि ती चुकीची आहे. ही चूक नेमकी कशी आहे ते समजण्यासाठी बटणाचे चार पाय आतून कसे जोडलेले असतात ते पाहायला हवे. बटणाच्या दोन विरुद्ध बाजूंनी दोन-दोन पाय बाहेर येतात. ब्रेडबोर्डच्या मधल्या खाचेवर बटण आडवे बसवले की खाचेच्या वर दोन पाय आणि खाली दोन पाय अशी मांडणी होते. यांतले समोरासमोरचे पाय, म्हणजे खाचेच्या वरचा डावा आणि खालचा डावा, हे आतून कायमचे एकच असतात. तसेच उजव्या बाजूचे. बटण दाबल्यावर जोडली जाते ती डावी जोडी आणि उजवी जोडी. त्यामुळे एक तार डाव्या जोडीला आणि दुसरी उजव्या जोडीला लावली तरच बटणाला काही अर्थ राहतो. पत्रकातल्या आकृतीत लाल तार वरच्या डाव्या पायाला आणि पिवळी तार खालच्या डाव्या पायाला दाखवली आहे. दिसायला ते फार सुबक दिसते, कारण बटण बरोबर दोन तारांच्या मध्ये येते, आणि चित्रकारालाही बहुधा त्या सुबकपणानेच भुलवले असावे. प्रत्यक्षात मात्र त्या दोन तारा तांब्याच्या एकाच तुकड्याला जोडल्यासारख्या आहेत, आणि बटण दाबा किंवा न दाबा, बोर्डाला ते सतत दाबलेलेच दिसते.

बटण दाबल्यावरच लागायला हवा असा माझा एलईडी लागला तो लागलाच. मी तारा बदलल्या, पिन बदलली, बोर्ड दुसऱ्या यूएसबी केबलला लावला. अर्ध्या तासाने बटण उपसून मल्टीमीटरच्या दोन टोकांमध्ये धरले, तेव्हा न दाबताच बीप वाजली आणि सगळा उलगडा झाला. यावर एक जुनी, सोपी युक्ती आहे आणि ती पत्रकात एका ओळीत देता आली असती: तारा नेहमी तिरप्या कोपऱ्यांच्या पायांना लावाव्यात. वरचा डावा आणि खालचा उजवा हे पाय कधीच एका जोडीतले नसतात, बटण कसेही फिरवले तरी नाही.

जोडणी सुधारल्यावर रेझिस्टरचा प्रश्न आला. पत्रकातली पद्धत पुल-डाउनची आहे: बटणाचा एक पाय ५ व्होल्टला, दुसरा पाय पिन क्रमांक २ ला, आणि त्याच दुसऱ्या पायापासून १० किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या तारेला. आर्डुइनोच्या स्वतःच्या प्राथमिक उदाहरणातही हीच पद्धत, हीच पिन आणि हाच रेझिस्टर आहे, त्यामुळे निवडीत काही वावगे नाही. बटण मोकळे असताना रेझिस्टर पिनला ग्राउंडशी बांधून ठेवतो आणि पिनला शून्य वाचता येतो. बटण दाबले की पिनवर थेट ५ व्होल्ट येतात आणि रेझिस्टरमधून जेमतेम अर्धा मिलिॲम्पियर वाहतो. तो रेझिस्टर नसेल तर मोकळी पिन कशालाच बांधलेली राहत नाही. ती हवेत लोंबकळणाऱ्या तारेसारखी होते आणि घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची कुजबुजही तिला ऐकू येते. हे मी रेझिस्टर काढून मुद्दाम करून पाहिले: तारेपासून चार बोटांवर हात नेला तरी एलईडी लुकलुकत होता आणि हात मागे घेतला की कधी लागलेला, कधी विझलेला राहत होता. शाळेतल्या मुलांना हा प्रयोग अवश्य दाखवावा.

पत्रकाने १० किलोओहमचा रेझिस्टर लावा असे सांगितले खरे, पण किटमध्ये २२० ओहम, १ किलोओहम आणि १० किलोओहम अशा तीन किमतींचे रेझिस्टर एकाच पिशवीत, कोणत्याही चिठ्ठीविना भरलेले आहेत, आणि ते सगळे निळ्या अंगाचे, पाच पट्ट्यांचे आहेत. पत्रकातला रंगांचा तक्ता मात्र चार पट्ट्यांचा आहे. चार पट्ट्यांत १० किलोओहम म्हणजे तपकिरी, काळा, नारिंगी आणि सोनेरी. पाच पट्ट्यांत तोच रेझिस्टर तपकिरी, काळा, काळा, लाल, तपकिरी असा दिसतो. दोन्ही टोकांना तपकिरीच रंग असल्यामुळे सुरुवात कोणती ते कळत नाही, आणि उलट्या टोकाने वाचला तर तपकिरी, लाल, काळा, काळा, तपकिरी म्हणजे १२० ओहम असा अगदी रीतसर आकडा निघतो. मी स्वतः पहिल्यांदा तो १२० चाच समजलो आणि किटमध्ये १० किलोओहम दिलेच नाहीत म्हणून विक्रेत्याला फोन करणार होतो. निळ्या रेझिस्टरच्या बाबतीत डोळ्यांवर भिस्त ठेवू नये, मीटर लावावा, हे शहाणपण मला त्या दिवशी आले.

खरे तर या सगळ्यातून सुटण्याचा मार्ग बोर्डातच होता आणि पत्रकात त्याचा शब्दानेही उल्लेख नाही. ॲटमेगा ३२८पीच्या प्रत्येक डिजिटल पिनला आतून २० ते ५० किलोओहमचा एक पुल-अप, म्हणजे पिनला ५ व्होल्टकडे ओढून धरणारा, रेझिस्टर असतो आणि तो प्रोग्रॅममधून चालू करता येतो. पिन ‘इनपुट पुलअप’ म्हणून जाहीर केली की बाहेरचा रेझिस्टर लागत नाही, ५ व्होल्टची तारही लागत नाही. बटणाचा एक पाय पिनला, तिरपा पाय ग्राउंडला, एवढ्यावर काम भागते. फक्त अर्थ उलटा होतो हे लक्षात ठेवावे लागते: बटण मोकळे असताना पिन ‘हाय’ वाचते आणि दाबल्यावर ‘लो’. नवशिक्यांना ही उलटापालट सुरुवातीला खटकते, पण दोनच तारांची जोडणी चुकण्याची शक्यता इतकी कमी असते की पहिल्याच धड्यात हीच पद्धत शिकवावी असे माझे मत आहे. एक दक्षता मात्र हवी. अशी ग्राउंडला जोडलेली पिन चुकून ‘आउटपुट’ म्हणून जाहीर झाली आणि ‘हाय’ केली गेली, तर बटण दाबताच ती पिन थेट ग्राउंडला भिडते. पिनची कमाल मर्यादा ४० मिलिॲम्पियर आहे आणि ती तेव्हा ओलांडली जाते. घरात मुले प्रोग्रॅम बदलून पाहणार असतील तर बटणाच्या मार्गात १ किलोओहमचा एक रेझिस्टर घालावा. वाचनात काही फरक पडत नाही आणि पिन सुरक्षित राहते.

आता मोजणीची कथा. पत्रकात दिलेला मोजणीचा प्रोग्रॅम असा आहे की बटण दाबलेले दिसले की आकडा एकाने वाढवायचा आणि मग ‘डिले’ने २०० मिलिसेकंद थांबायचे. चटकन दाबून सोडणाऱ्या माणसाच्या हातात तो चालतो. आईचे बोट सावकाश खाली जाते, क्षणभर थांबते आणि सावकाश वर येते. म्हणजे बटण अर्धा सेकंद दाबलेलेच असते, आणि तेवढ्यात प्रोग्रॅमने दोनदा, तीनदा मोजलेले असते. पहिल्या दिवशी तिने पंधरा-वीस नामे घेतली असतील-नसतील, पडदा ५० वर गेला. “अरे, हे माझ्यापेक्षा जास्त भक्त दिसतंय,” असे म्हणून तिने ते बाजूला ठेवले.

मी प्रोग्रॅम बदलला. पिनची मागची स्थिती लक्षात ठेवायची आणि ‘हाय’ची ‘लो’ झाली त्या क्षणीच मोजायचे, म्हणजे कितीही वेळ दाबून ठेवले तरी मोजणी एकदाच होईल. दुसऱ्या दिवशी आई हुशारीने नेहमीची माळही सोबत घेऊन बसली. माळ मेरुमण्यापर्यंत आली, म्हणजे १०८ नामे पूर्ण झाली, तेव्हा पडद्यावर १३१ होते. या जादा तेवीस नामांचा धनी होता बटणातला तो धातूचा घुमट. जमिनीवर पडलेली वाटी स्थिर होण्याआधी जशी ठणठणत राहते, तशी आतली पत्री संपर्कावर आदळून काही सहस्रांश सेकंद थरथरते, आणि त्या काळात जोडणी अनेकदा जुळते आणि तुटते. आपल्या बोटाला तो एकच दाब वाटतो. बोर्डाचे घड्याळ मात्र एका मिलिसेकंदात १६ हजार ठोके घेते, त्यामुळे त्याला त्या थरथरीतले प्रत्येक जुळणे आणि तुटणे दिसू शकते. यालाच बटणाचे ‘बाउन्स’ होणे म्हणतात. बटण सोडतानाही ते होते, हे पुष्कळदा विसरले जाते.

यावर मी आधी सोपा इलाज केला: पहिला बदल दिसताच मोजायचे आणि पुढचे ५० मिलिसेकंद बटणाकडे दुर्लक्ष करायचे. आकडा माळेशी जुळू लागला. पण आईच्या आसनापासून बोर्डापर्यंत दीड मीटर तार होती, आणि पाण्याची मोटार सुरू होताना एकदा कोणीही बटणाला हात न लावता आकडा ६२ वरून ६३ झालेला मी डोळ्यांनी पाहिला. मोटारीच्या धक्क्याने तारेत क्षणभर उमटलेली उसळीही या पद्धतीत ‘पहिला बदल’ म्हणून मोजली जाते. म्हणून मग आर्डुइनोच्या डीबाउन्सच्या, म्हणजे ही थरथर गाळण्याच्या, उदाहरणातली पद्धत घेतली: बदल दिसला की ‘मिलिस’ या वेळ सांगणाऱ्या आज्ञेने वेळ टिपून ठेवायची, आणि नवी स्थिती सलग ५० मिलिसेकंद टिकली तरच ती खरी मानायची. उसळी तेवढी टिकत नाही, माणसाचे बोट टिकते. जोडीला पिनपासून ५ व्होल्टपर्यंत ४.७ किलोओहमचा बाहेरचा रेझिस्टर लावला, कारण आतला २० ते ५० किलोओहमचा पुल-अप लांब तारेला पुरेसा घट्ट धरून ठेवत नाही. पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा, म्हणजे अंगावर १०४ असे छापलेला, क्षणिक उसळ्या शोषून घेणारा लहान सिरॅमिक कपॅसिटरही बसवला. किटमध्ये एकही कपॅसिटर नाही. तो मला सुटा आणावा लागला. तेव्हापासून तीन आठवडे माळ आणि पडदा यांच्यात एका नामाचाही फरक पडलेला नाही, आणि परवापासून आईने माळ बरोबर घेणे थांबवले आहे.

शेवटच्या पानावर पत्रकाने आणखी एक दावा केला आहे की हीच आकृती ‘कोणत्याही बोर्डाला’ चालेल, आणि उदाहरण म्हणून ईएसपी ३२चे नाव दिले आहे. हे धोक्याचे आहे. ईएसपी ३२ हा ३.३ व्होल्टवर चालणारा बोर्ड आहे, आणि या आकृतीप्रमाणे बटणातून ५ व्होल्ट त्याच्या पिनला दिले तर पिन खराब होऊ शकते. शिवाय त्याच्या ३४ ते ३९ या पिना केवळ इनपुटसाठी असून त्यांना आतला पुल-अप नसतोच. तेथे ‘इनपुट पुलअप’ लिहिले तरी पिन लोंबकळतच राहते. त्याच्या शून्य क्रमांकाच्या पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये बटण लावले आणि बोर्ड सुरू होताना ते दाबलेले राहिले, तर बोर्ड आपला प्रोग्रॅम चालवण्याऐवजी नवा प्रोग्रॅम घेण्याच्या तयारीत बसतो. रास्पबेरी पाय पिको हाही ३.३ व्होल्टचाच आहे. ग्राउंड आणि आतला पुल-अप ही दोन तारांची पद्धत पत्रकाने दिली असती, तर बटणावाटे ५ व्होल्ट जाण्याचा प्रश्नच उद्भवला नसता.

किटमधली बटणे आईसाठी मुळातच लहान होती, म्हणून मी पुन्हा त्याच दुकानात गेलो. दुकानदारकाकांशी बोलणे झाले. मी पत्रकाचे तिसरे पान त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून आकृती पाहिली, दुसरे सीलबंद किट फोडले, त्यातल्या बटणाला मीटर लावला आणि “कंपनीने छापलंय, आम्ही वाचतो कुठे,” असे प्रांजळपणे कबूल केले. मोडक्या दोन बटणांऐवजी त्यांनी १२ बाय १२ मिलिमीटरची दोन बटणे वर टोप्यांसह दिली आणि पैसे घेतले नाहीत. दुकानाच्या सेवेला मी पूर्ण गुण देतो. या मोठ्या बटणाचे पाय ब्रेडबोर्डवर अधिक चांगले बसतात आणि गोल टोपीवर बोटाचे संपूर्ण पेर टेकते. पायांची आतली जोडणी मात्र लहान बटणासारखीच असल्यामुळे तिरप्या कोपऱ्यांचा नियम तेथेही लागू आहे.

काकांनी तिसरा पर्यायही दाखवला: डब्याला भोक पाडून नटाने कसायचे, मागे दोनच टोके असलेले गोल पुश बटण. दोनच टोके असल्यामुळे कोणता पाय कोणाचा हा घोळच उरत नाही, तारा थेट सोल्डर करून जोडता येतात आणि ओढ बसली तरी बटण जागेवर राहते. ज्याला यंत्र करून रोज वापरायचे आहे त्याने सरळ हेच घ्यावे. ब्रेडबोर्डवर बसत नाही एवढाच त्याचा उणेपणा. विकत घेताना ते ‘मोमेंटरी’ आहे ना, म्हणजे सोडल्यावर परत वर येते ना, हे तेथेच दाबून पाहावे, कारण अगदी तसेच दिसणारे, एकदा दाबले की दाबलेलेच राहणारे बटणही त्याच बरणीत असते.

आयुष्याचा हिशेबही मी करून पाहिला. टॅक्टाइल स्विचांच्या माहितीपत्रकांत साधारण १ लाखापासून १० लाखांपर्यंत दाबांचे आयुष्य दिलेले आढळते. आईच्या अकरा माळा म्हणजे दिवसाला ११८८ दाब. १ लाखाचे बटण या हिशेबाने ८४ दिवसांत संपते आणि १० लाखांचे सव्वादोन वर्षांहून थोडे अधिक चालते. किटमधल्या बटणांवर किंवा पत्रकात असा कोणताही आकडा नाही. दिव्याच्या प्रयोगासाठी त्याने काही बिघडत नाही, पण रोज वापरण्याच्या वस्तूत बटण असे बसवावे की बदलताना सगळे उलगडावे लागू नये. मी दोन तारांना काढता-घालता येणारा जोड दिला आहे.

किट घ्यावे की नाही, याचे माझे उत्तर असे: बोर्ड, पडदा आणि ब्रेडबोर्ड यांसाठी ११५० रुपये मला जड वाटले नाहीत आणि तेवढ्यासाठी मी ते पुन्हा घेईन. बटणांना पाचात दोन गुण, माहितीपत्रकाला शून्य. घरात कोणी जाणकार असेल तर किट मुलांना खुशाल द्यावे, पण तिसऱ्या पानावर आधी फुली मारावी आणि डब्यात साधा मल्टीमीटर व १०४चे चार कपॅसिटर टाकून द्यावेत. एकट्याने शिकणाऱ्याला मात्र मी हे किट सुचवणार नाही. त्याने बोर्ड सुटा घ्यावा आणि १२ मिलिमीटरची बटणे दुकानात मीटर लावून, एकेक दाबून निवडावीत.

आईची आता एकच तक्रार उरली आहे आणि ती आवाजाची आहे. पहाटे पाच वाजता शांत देवघरात ते बटण ११८८ वेळा ‘टक’ म्हणते, आणि पलीकडच्या खोलीत बाबांची झोप मोडते. आवाज न करणारी, मऊ रबरी बैठकीची बटणे मिळतात असे काका म्हणाले आहेत. शनिवारी ती पाहायला जाणार आहे.